नागपूरहून परदेशी पोस्टकार्डं पाठवणारं कोणी आहे का इथं?

तिखट_संत्रं

नमस्कार मंडळी. नागपूरचं चित्र असलेलं पोस्टकार्ड नागपुरात कुठं विकत मिळतं, हे कोणाला ठाऊक आहे का? बर्डी पालथी घातली, स्टेशनवरचे स्टॉल पाहिले, पुस्तकांच्या दुकानांत विचारलं. ताजमहाल मिळतो, केरळची हाऊसबोट मिळते, एका काकांनी तर स्वित्झर्लंड काढून दाखवलं. आपल्या गावाचं काही नाही.

कशाला पाहिजे ते सांगते. पोस्टक्रॉसिंग नावाची एक साइट आहे. पाउलो मागाल्याइश नावाच्या पोर्तुगालमधल्या एका विद्यार्थ्यानं १४ जुलै २००५ ला ती सुरू केली. त्याला घरच्या पेटीत पत्रं यावीत असं वाटायचं, आणि असाच शौक असलेली माणसं गाठायची कशी ते कळत नव्हतं. आज जगभरचे लाखो लोक तिथं आहेत.

पद्धत सोपी आहे. आपण पत्ता मागायचा. साइट कुठल्या तरी अनोळखी माणसाचा पत्ता देते आणि सोबत एक क्रमांक. आपल्या कार्डांचा क्रमांक 'आयएन'नं सुरू होतो, जर्मनीवाल्यांचा 'डीई'नं. तो कार्डावर लिहायचा, चार ओळी खरडायच्या, तिकीट लावायचं, पेटीत टाकायचं. तिकडच्यानं क्रमांक साइटवर नोंदवला की आपला पत्ता तिसऱ्याच कोणाच्या तरी हाती पडतो आणि आपल्याकडे कार्ड निघतं. सुरुवातीला एका वेळी पाचच कार्डं वाटेवर ठेवता येतात, ती पोचत गेली की मर्यादा वाढते.

मला यातलं आवडतं ते हे, की ज्याला लिहितो तो आपलं काही देणं लागत नाही. परतफेड होते, पण दुसऱ्याच दारानं. लग्नातल्या आहेरासारखी वही उघडून कोणी किती दिलं ते बघायची सोयच नाही. त्यामुळे हात सैल सुटतो. लिथुआनियातल्या एका आजोबांना मी आमच्या घरात कूलरची टाकी कोणी भरायची यावरून होणारी भांडणं लिहून पाठवली. सख्ख्या मावशीला लिहिली नसती.

आत्ता टेबलावर पडलेलं कार्ड जर्मनीतल्या एका निवृत्त नर्सबाईंचं आहे. समोर दीपगृह. मागं निळ्या शाईत बारीक, उजवीकडे झुकलेली अक्षरं. कोपऱ्यात तारीख आणि शेजारी '११ अंश, वारा'. (हे लोक हवामान लिहितातच. मी मे महिन्यात '४५ अंश' लिहिलं तर फिनलंडच्या मुलीनं पोच देताना विचारलं, सॉनामध्ये बसून लिहिलंस का?) बाईंनी लिहिलंय की गुडघ्यामुळे बागकाम सुटलं. शेजारचा मुलगा येऊन स्ट्रॉबेरीला पाणी घालतो आणि निम्म्या स्ट्रॉबेरी तोच खातो. बाई खिडकीतून बघतात, बोलत काही नाहीत. जागा संपली म्हणून शेवटचं वाक्य कार्डाच्या कडेनं वळून वर चढत गेलंय, आणि तळाशी त्यांच्या टपाल यंत्रानं मारलेल्या नारिंगी रेघा त्यातल्या दोन शब्दांवरून गेल्यात.

आता अशा बाईंना मी ताजमहाल पाठवू? आग्रा माझ्या घरापासून रात्रभराच्या गाडीवर आहे!

तर, कार्डं कुठं मिळतात, कोणत्या पोस्टात तिकिटं नीट मिळतात, आणि आपल्यापैकी अजून कोणी हे करून राहिलं आहे का, एवढं सांगा.

बर्डीवरचा_बाप्या

ताई, ते स्वित्झर्लंडचं कार्ड घेऊन स्वित्झर्लंडलेच पाठवा. त्यायले बी कळू द्या का आपल्या बर्डीवर काय काय भेटते.

चष्मिष

मी करते! धरमपेठेत राहते. नागपूरची कार्डं मिळत नाहीत, हे मान्य. मी सरळ फोटो स्टुडिओत ४ बाय ६ ची प्रिंट काढते आणि मागं जाड कागद चिकटवते. दिसायला बरं दिसतं, पण डिंक कमी पडला की पावसाळ्यात पापड होतो.

तिकिटांसाठी सिव्हिल लाईन्सचं जीपीओच. तिथं फिलाटेलीचं काउंटर आहे, नवी निघालेली तिकिटं मिळतात. इतर ठिकाणी माझा अनुभव असा की "परदेशी" म्हटलं की समोरचा स्पीड पोस्टचा फॉर्म पुढं सरकवतो. एका ठिकाणी तर मला सांगितलं की पोस्टकार्ड परदेशात जातच नाही. मी पाकिटातून तैवानहून आलेलं कार्ड काढून दाखवलं. ते म्हणाले, "येतं असेल, जात नाही."

तिखट_संत्रं

"येतं असेल, जात नाही" 😂 हे मी पुढच्या कार्डावर लिहिणार.

मुक्काम_हॅम्बर्ग

मूळचा प्रतापनगरचा, आता बरीच वर्षं इकडे. पोस्टक्रॉसिंगमध्ये जर्मन लोक ढिगानं आहेत, त्यामुळे तुमची बरीच कार्डं इकडेच येतील, तयारी ठेवा. इथं किराणा घ्यायला गेलं तरी दाराशी कार्डांचा फिरता स्टँड असतो. दहा घरांचं गाव असलं तरी त्या गावाचं कार्ड असतं, चर्च, पाणचक्की आणि एक गाय.

एक सांगतो. इथल्या लोकांना भारतातून येणाऱ्या कार्डात चित्राइतकाच तिकिटांत रस असतो. त्यामुळे एक मोठं तिकीट लावण्यापेक्षा पाच-पाच रुपयांची वेगवेगळी लावा. पक्षी, आगगाड्या, जुने किल्ले, काहीही. माझ्या शेजारणीकडे भारतातून आलेलं एक कार्ड आहे, त्यावर इतकी तिकिटं आहेत की पाठवणाऱ्याला लिहायला "नमस्कार, मी बरा आहे" एवढीच जागा उरली. तिनं ते फ्रिजवर लावलंय.

आणि ताई, त्या नारिंगी रेघा पत्त्याच्या असतात. यंत्र पत्ता वाचतं आणि त्याच्या काड्या करून तळाशी छापतं, म्हणजे पुढच्या यंत्राला पत्ता पुन्हा वाचावा लागत नाही. म्हणून इकडे पाठवताना खालची पट्टी रिकामी सोडा. नाहीतर तुमच्या मजकुरावरून रेघा जातात.

आईसाहेब_मनीषनगर

कल्पना छान आहे, पण मला एक शंका आहे. माझी मुलगी अकरावीत आहे, तिला हे फार आवडेल. पण घरचा पत्ता असा जगभर वाटायचा? आणि कार्ड तर उघडंच असतं, वाटेत कोणीही वाचू शकतं.

तिखट_संत्रं

शंका रास्त आहे काकू. पत्ता सगळ्यांना दिसत नाही. ज्याला आपल्याला कार्ड पाठवायचं आहे त्यालाच मिळतो. तरी तो अनोळखी माणसाच्या हातात जातो हे खरंच. माझी एक मैत्रीण म्हणूनच घरचा पत्ता देत नाही, तिनं पोस्टात बॉक्स घेतलाय. वर्षाचं भाडं भरायचं आणि कार्डं तिथून जाऊन आणायची. वडिलांच्या ऑफिसचा पत्ता चालत असेल तर तोही पर्याय आहे.

उघडं असण्याचं म्हणाल, तर कार्डावर फोन नंबर, कॉलेजचं नाव, घरी कधी कोणी नसतं, असलं काही लिहायचंच नाही. मजकूर आमचे पोस्टमन वाचतातच. त्यांनी मला एकदा दारातच विचारलं, "ताई, जपानच्या त्या मांजराचं ऑपरेशन झालं का?"

आरएमएसवाले_काका

मी रेल्वे मेल सर्व्हिसच्या नागपूर 'एफ' डिव्हिजनमधून निवृत्त झालो. हा धागा मुलानं वाचून दाखवला, म्हणून त्याच्याकडूनच टाइप करून घेतो आहे.

आधी जीपीओच्या दाराशी उभ्या असलेल्या सर्वांसाठी: पोस्टकार्ड परदेशात जातं. १८७४ साली बर्न इथं जो करार झाला त्यातून आजची जागतिक टपाल संघटना, म्हणजे यूपीयू, उभी राहिली. भारत त्यात १८७६ मध्ये गेला. कराराचा गाभा एवढाच, की टपालापुरतं सगळे सदस्य देश मिळून एकच मुलूख मानायचा. म्हणून इथं आपलं तिकीट लावलेलं कार्ड तिकडचा पोस्टमन तिकडचं तिकीट न मागता घरी नेऊन देतो. देशांचा आपसातला हिशेब वेगळा चालतो, तो तुमच्या डोक्याला ताप नाही.

आपल्याकडे पोस्टकार्ड आलं १ जुलै १८७९ ला. किंमत पाव आणा. त्याआधी दहा वर्षं, १ ऑक्टोबर १८६९ ला, ऑस्ट्रिया-हंगेरीत जगातलं पहिलं अधिकृत पोस्टकार्ड निघालं होतं. त्या कार्डाला दीडशे वर्षं झाली तेव्हा, २०१९ पासून, १ ऑक्टोबर हा जागतिक पोस्टकार्ड दिवस म्हणून पाळायला सुरुवात झाली, असं मुलगा नेटवर वाचून सांगतो आहे. आमच्या वेळी नव्हता.

तुमचं कार्ड पेटीतून निघालं की त्याची छाननी होते. देशातलं आणि परदेशी वेगळं होतं, मग परदेशी टपाल थैलीबंद होऊन ते बाहेर रवाना करणाऱ्या मोठ्या शहराकडे जातं. इथं घोटाळा होतो तो एकाच गोष्टीनं: देशाचं नाव. चिनी, जपानी, रशियन लिपीत पत्ता लिहिता, हौस आहे, जरूर लिहा. पण सगळ्यात शेवटच्या ओळीत देशाचं नाव इंग्रजीत, मोठ्या अक्षरांत, एकट्याचं. छाननी करणाऱ्याला तेवढंच लागतं. बाकीचा पत्ता ज्याला वाचायचा आहे तो तिकडे बसला आहे.

आम्ही धावत्या गाडीत उभं राहून छाननी केलेली माणसं. समोर खणांची भिंत, एका हातात गठ्ठा, आणि गाडी बडनेऱ्याच्या आत शिरायच्या आधी अमरावतीची थैली बांधून तयार पाहिजे. पिन कोड नसता तर वेड लागलं असतं. तो १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. श्रीराम भिकाजी वेलणकर या आपल्या कोकणातल्या माणसाचं काम. संस्कृतचे कवी होते आणि टपाल खात्यात मोठे अधिकारी. त्यांच्यामुळे ४४ पाहिलं की थैली विदर्भाकडे. तेव्हा तुमचा परतीचा पत्ता साइटवर देताना पिन अचूक द्या. 'नागपूर' लिहायचं राहिलं तरी चालेल, ४४०००१ राहू देऊ नका.

बर्डीवरचा_बाप्या

काका, दंडवत. पण मला वाटलं होतं का आता पोस्टाच्या लाल पेट्या बंद होऊन राहिल्या. मागं व्हॉट्सॅपवर आलं होतं.

चष्मिष

ती अफवा होती भाऊ. २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट ही वेगळी सेवा राहिली नाही, ती स्पीड पोस्टमध्ये विलीन केली. लोकांनी त्याचं "पोस्टपेट्या बंद" करून टाकलं. पेट्या आहेत.

बंद झालं ते डेन्मार्कमध्ये. तिथल्या सरकारी टपाल कंपनीनं २०२५ च्या शेवटी पत्रं वाटणंच सोडलं, रस्त्यावरच्या लाल पेट्यासुद्धा काढल्या. आता तिथं पत्रांचं काम एक खासगी कंपनी बघते.

गोधनीकर

माझं एक कार्ड अमेरिकेला निघालं होतं, ते अजून 'प्रवासात' दाखवतं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये टाकलं होतं. कोणाचं असं झालंय?

मुक्काम_हॅम्बर्ग

त्या काळात बहुतेकांचं. अमेरिकेनं लहान पार्सलांवरची आयातशुल्काची सूट काढली. वसुली कोणी आणि कशी करायची हे ठरेना, म्हणून विमान कंपन्या टपाल घ्यायला तयार होईनात. भारतानं आधी पार्सलं थांबवली आणि ऑगस्टच्या शेवटी पत्रांसकट सगळंच टपाल. ऑक्टोबरच्या मध्यावर पुन्हा सुरू झालं. कार्डावर शुल्क नव्हतं, पण ज्या थैलीत जायचं ती थैलीच उठत नव्हती.

साठ दिवस झाले की साइट त्या कार्डाला मुदत संपलेलं धरते आणि तुम्हाला बदल्यात नवा पत्ता मागता येतो. तरी वर्षाच्या आत ते पोचलं तर समोरचा नोंदवू शकतो. त्यापुढं पोचलं तर ते त्याच्या घरात, तुमच्या यादीत नाही.

इतवारीचा_छापखाना

धागा वाचून राहवलं नाही. माझा धंदाच छपाईचा आहे (जाहिरात करत नाही, नाव सांगणार नाही).

फोटोला कागद चिकटवू नका. ३०० जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, कागद घ्या, पण दोन्ही बाजूंनी चकचकीत असलेला नको. समोरून कोटेड, मागून साधा, असा बोर्ड मिळतो. मागची बाजू गुळगुळीत असली की जेल पेन सुकत नाही, बोट लागलं की पुसतं, आणि पोस्टाचा शिक्कासुद्धा धरत नाही. लॅमिनेशन करायचंच तर समोरून मॅट. लोक हौसेनं दोन्हीकडून करतात आणि मग तिकीट चिकटत नाही म्हणून पोस्टाच्या डिंकाला शिव्या देतात.

साइज ४ बाय ६ इंच ठेवा. परदेशी पोस्टकार्डाला किमान ९ बाय १४ सेंटिमीटर लागतं, त्यात हे आरामात बसतं. मागं मधोमध उभी रेघ, उजवीकडे पत्ता, डावीकडे मजकूर, खाली बोटभर पट्टी कोरी, वर त्या हॅम्बर्गच्या भाऊंनी सांगितलं तसं.

ऑफसेटवर हजाराच्या खाली परवडत नाही. डिजिटलवर शंभर काढता येतात, पण नग महाग पडतो. तुम्ही सगळ्यांनी मिळून पाच-सहा डिझाइन एकाच शीटवर बसवली तर दर निम्म्यावर येईल. आता चित्रं कोणती ते ठरवा.

तिखट_संत्रं

दादा, तुम्ही देवासारखे धावून आलात. मी म्हणते, एकत्र छापूच. १ ऑक्टोबरच्या आत हातात आली तर काय मजा येईल. माझ्या मनात पहिलं झिरो माइल. चार घोडे, खांब, खाली 'भारताचा केंद्रबिंदू'. सगळ्यांना कळतं.

नकाशावेडा

थांबा थांबा. 'भारताचा केंद्रबिंदू' छापू नका, मी हात जोडतो. तो खांब ग्रेट ट्रिगनोमेट्रिकल सर्व्हेचा, म्हणजे इंग्रजांच्या काळात चाललेल्या देशाच्या मोजणीचा आहे, १९०७ चा. उंची मोजण्यासाठीचा प्रमाण संदर्भ म्हणून तो बसवला. त्यावर समुद्रसपाटीपासूनची उंची कोरली आहे, १०२०.१७१ फूट. बाजूच्या दगडावर हैदराबाद, चांदा, रायपूर, जबलपूर, शिवनी, छिंदवाडा, बैतूल इथवरची अंतरं मैलांत दिली आहेत. 'देशाचा मध्य' हे आपण प्रेमानं म्हणतो. आजच्या नकाशावर मध्य काढला तर तो खांबाखाली येत नाही.

परदेशात नकाशावेडे कमी नाहीत. कोणीतरी पट्टी घेऊन बसेल.

बर्डीवरचा_बाप्या

भाऊ, जन्मापासून ऐकून राहिलो का आपण मधोमध आहे, आणि तुम्ही सकाळी सकाळी आम्हाले बाजूले सरकवलं.

नकाशावेडा

सरकवलं नाही. 'समुद्रापासून १०२० फूट उंच' हे जास्त भारी वाटत नाही का? मध्य असल्याचा दावा दहा गावं करतात. दगडावर तीन दशांशांपर्यंत उंची कोरलेली कितींकडे आहे?

तिखट_संत्रं

मान्य. घोडे आणि उंची. केंद्रबिंदू गाळला.

प्रज्ञा_इंदोरा

पहिलं कार्ड दीक्षाभूमीचं हवं, यावर चर्चा व्हायलाच नको. माझ्याकडे तैवान आणि जपानहून येणाऱ्या कार्डांत निम्मे लोक माझ्या प्रोफाइलवरचं 'नागपूर' वाचून दीक्षाभूमीबद्दल विचारतात. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह इथं बौद्ध धम्म स्वीकारला, हे त्यांना माहीत असतं. स्तूप कसा दिसतो हे माहीत नसतं. बांधकाम बरीच वर्षं चाललं, २००१ च्या डिसेंबरमध्ये राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. फोटो समोरून सकाळच्या उन्हात घ्या. अशोक विजयादशमीच्या गर्दीतला नको. त्या दिवशी स्तूप दिसत नाही, माणसंच दिसतात. खरं तर तेही एक वेगळं कार्ड होईल.

जपानसाठी अजून एक सुचवते. कामठीचं ड्रॅगन पॅलेस हे बौद्ध मंदिर. ते १९९९ मध्ये जपानमधल्या ओगावा सोसायटीच्या मदतीनं उभं राहिलं. मी एका जपानी आजींना त्याचा मोबाइलवर काढलेला फोटो छापून पाठवला होता. त्यांनी पोच देताना लिहिलं की त्या आधी चक्रावल्या, त्यांना वाटलं त्यांच्याच देशातलं कार्ड भारताचं तिकीट लावून आलंय.

गोधनीकर

वाघ पाहिजे. पेंच, ताडोबा, उमरेड-कऱ्हांडला, तिन्ही आपल्या हाताशी. वाघाशिवाय नागपूरचं कार्ड कसं?

चष्मिष

वाघ नको. वाघ सगळा भारत पाठवतो. राजस्थानवाले पाठवतात, मध्य प्रदेशवाले पाठवतात, आणि ज्यानं उभ्या जन्मात जंगल पाहिलं नाही तो बंगळुरूवालाही वाघच पाठवतो. माझं मत रेल्वे स्टेशनला. १९२५ ची इमारत आहे, वाळूच्या दगडातली, आणि स्टेशनांची कार्डं जमवणारे लोक जगात खूप आहेत. फोटो मात्र बाहेरून.

इतवारीचा_छापखाना

सीताबर्डीचा किल्लाही सुचवणार होतो, पण तो लष्कराच्या ताब्यात आहे, ठरावीक दिवशीच उघडतो. फोटोच्या भानगडीत न पडलेलं बरं. आणि फोटो सगळे स्वतः काढलेलेच द्या, नेटवरून उचललेला मी छापणार नाही.

माझं स्वतःचं मत द्यायचं तर मारबत. माझ्या दुकानासमोरून जाते.

मुक्काम_हॅम्बर्ग

मारबत! मी त्याच्यासाठी दहा कार्डं घेतो आत्ताच. पण मागं चार ओळींत समजवायचं कसं? मी इथं एकदा जेवणाच्या टेबलावर प्रयत्न केला होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी अशा दोन भल्यामोठ्या बायांच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, लोक ओरडतात "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत", मग गावाबाहेर नेऊन त्या जाळतात. इथपर्यंत लोक मान डोलवत होते. मग मी बडगे सांगायला गेलो, की त्यासोबत महागाईचा, भ्रष्टाचाराचा, कधी एखाद्या पुढाऱ्याचा पुतळा असतो, तेव्हा समोरच्या बाईंनी विचारलं, "आणि पोलीस?" म्हटलं, पोलीस बंदोबस्ताला असतात.

इतवारीचा_छापखाना

चार ओळी मी देतो. काळी मारबत १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. दरवर्षी बांबू-कागदाच्या बनतात, वर्षभरातली पीडा घेऊन जातात. बडगे कोणाचे हे ज्याचं त्यानं शोधावं. बस.

काळ्या मारबतीशी जोडलेली, भोसले घराण्यातल्या बकाबाईची गोष्ट घालू नका. ती सांगायला बसलं की भोसल्यांपासून इंग्रजांपर्यंत जावं लागतं आणि इतवारीतले दोन म्हातारे दोन वेगळ्या गोष्टी सांगतात.

काटोलचे_गुरुजी

मी काटोल तालुक्यात शिकवतो. वर्गाच्या नावानं खातं काढलं, पत्ता शाळेचा दिला. मुलांना वाटलं होतं परदेशातून येणारं पत्र म्हणजे काही शहाणपणाचं असणार. पहिलं कार्ड नेदरलँड्सहून आलं, त्यात त्या बाईंनी लिहिलं होतं की त्यांचा कुत्रा रोज पोस्टमनवर भुंकतो. सहावीतला एक मुलगा म्हणाला, "आमचा बी!" तेवढ्यावर पुढचा अर्धा तास कुत्र्यांत गेला. मग आम्ही उत्तरासाठी नेदरलँड्स नकाशात शोधलं आणि कळलं की उत्तर त्यांना जाणारच नाही, दुसऱ्या कोणाला तरी जाईल. मुलांना ते पटलं नाही. "मग त्यांना सांगायचं कोणी, का आमचा बी भुंकतो?"

शेवटी क्रमांक नोंदवतानाच्या पोचीत लिहून टाकलं. ते बाईंपर्यंत पोचतं.

एक मागणी. तुमच्या कार्डांत संत्र्याची बाग घ्या. फळाचा फोटो नव्हे, बागेचा. नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन आहे, पण तोडणीच्या वेळी बाग कशी दिसते हे नागपुरातल्या लोकांनीसुद्धा पाहिलेलं नसतं. आंबिया बहाराची तोडणी दिवाळीच्या आसपास, म्हणजे तुमच्या १ ऑक्टोबरला जमणार नाही. माझ्याकडे गेल्या हंगामातले मुलांनी काढलेले फोटो आहेत. त्यातला एक चांगला आहे, फक्त कोपऱ्यात बंड्याचं डोकं आलंय.

चष्मिष

बंड्याचं डोकं राहू द्या गुरुजी. त्याच्या घरच्यांना विचारून घ्या मात्र.

आईसाहेब_मनीषनगर

मुलीसाठी बॉक्सची चौकशी करून आले. मिळतो आहे. ती आता विचारते आहे की खर्च किती येईल?

तिखट_संत्रं

काकू, मी कार्डामागं पंधरा रुपयांची तिकिटं लावत आले आहे, पण दर बदलतात, पहिलं कार्ड टाकायच्या आधी काउंटरवर विचारून घ्या. कार्डाची किंमत वेगळी. महिन्याला चार-पाच पाठवली तर एका सिनेमाच्या तिकिटापेक्षा कमीच. शिक्का मारायला कार्ड हातातच द्या, पेटीत टाकण्यापेक्षा बरं. बिनशिक्क्याची सुंदर तिकिटं वाटेत 'गळून' पडतात, असा काहींचा अनुभव आहे.

आणि तिला बॉलपेन वापरायला सांगा. आता मृग लागलाय.

आरएमएसवाले_काका

तिकिटं आधी चिकटवून न्या, म्हणजे किती जागा उरते ते कळतं. लोक आधी पानभर लिहितात आणि मग तिकीट पत्त्यावर चिकटवतात. आम्ही ते नखानं उचकटून वाचलेलं आहे.

तिखट_संत्रं

तर यादी अशी दिसते आहे: झिरो माइलचे घोडे, दीक्षाभूमी, ड्रॅगन पॅलेस, स्टेशन, मारबत, बंड्याची बाग. वाघ बहुमतानं बाद, गोधनीकर माफ करा. मारबतीचा फोटो मात्र जुन्यातलाच वापरावा लागेल. या पोळ्याचा काढून छापायचा म्हटलं तर १ ऑक्टोबर गाठताना दमछाक होईल. कोणाकडे गेल्या वर्षीचा चांगला आहे?

फोटो बघायला आणि पैसे गोळा करायला येत्या रविवारी सकाळी जीपीओच्या आवारात भेटू या का?

गोधनीकर

वाघाचं मी एकट्यानं छापतो. विकत मागायला याल तेव्हा बघतो.

आरएमएसवाले_काका

रविवारी जीपीओचं काउंटर बंद असतं. शनिवारी या, सकाळी. तिकिटंही घेता येतील.

बर्डीवरचा_बाप्या

शनिवारी येतो. तर्री पोहे माह्याकडून. अन् ताई, त्या स्वित्झर्लंडवाल्या काकाचं दुकान नक्की कुठं आहे सांगजा, मले खरंच एक घ्यायचं आहे.